टेक म्हणजे घेणे

माणसाने बायकोला एक वेळ गाडी चालवायला शिकवावी, पण इंग्रजी शिकवायच्या फंदात पडू नये. गाडी फार तर समोरच्या भिंतीला धडकते. इंग्रजी कुठे जाऊन धडकेल याचा नेम नाही. आमच्या घरातलं इंग्रजी थेट माझ्या ऑफिसात येऊन धडकलं, आणि तेही माझ्याच टेबलावर.

निर्णय तसा अगदीच छोटा होता. आमच्या कोपऱ्यावर डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत. त्यांना दवाखान्यात फोनवर बसायला कुणीतरी हवं होतं, आणि ती जागा आपल्याला मिळावी असं आमच्या हिच्या मनाने घेतलं. घरातल्या भिंती बघून बघून आता त्यांचे पोपडेही पाठ झालेत, म्हणाली. डॉक्टरांची अट एकच होती. महिनाअखेरीस एक सकाळभर फोन घ्यायचे आणि इंग्रजीत अडखळायचं नाही. अडखळली तर दुसरी बाई बघणार.

आता ही घरात कुणाला ऐकणारी नाही. भाजीवाला हिला बघून स्वतःच्या वजनमापाची आधी खात्री करून घेतो. पण इंग्रजीतला फोन आला की ही रिसीव्हर माझ्या हातात कोंबायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. त्यामुळे तिने क्लास लावायचं ठरवलं. तेव्हा मी पेपरातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "क्लासबिस कशाला? मी आहे ना."

खिडकीपाशी आई विणत बसली होती. ती सुईवरून नजर न काढता म्हणाली, "तू आहेस हीच तर अडचण आहे."

मी आईकडे दुर्लक्ष केलं. (यात माझा हातखंडा आहे.) मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात कारकून आहे आणि माझं इंग्रजी ऑफिसात नावाजलेलं आहे. 'टेक नेसेसरी ॲक्शन' हे शब्द मी आजवर इतक्या वेळा लिहिलेत, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नसेल. त्यातूनच माझा एक सिद्धांत तयार झाला होता. सगळी इंग्रजी भाषा एका क्रियापदावर उभी आहे, ते म्हणजे टेक. ते आलं की बाकीचे शब्द मागून आपोआप येतात, शेळीमागून करडं येतात तसे.

पहिल्याच संध्याकाळी मी धडाका लावला. खुर्चीवर बसणं टेक, विश्रांती टेक, आंघोळ टेक, गोळी टेक, रजा टेक, फोटो टेक, जबाबदारी टेक. इतकंच काय, राग आला तरी साहेबलोक तो घेतातच. आपण आंघोळ करतो, ते घेतात. आपण फिरून येतो, ते फिरणंसुद्धा घेऊन येतात. ही भाजी निवडत सगळं नीट ऐकत होती. मग हातातली पेंडी बाजूला ठेवून तिने विचारलं, "सगळे घेतातच, मग देतं कोण?"

हे अभ्यासक्रमात नाही, असं मी सांगितलं.

विद्यार्थिनी हुशार निघाली, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर 'टेक टी' म्हणून कप आला. तिसऱ्या दिवशी 'टेक युवर टॉवेल फ्रॉम माय बेड' आलं. चौथ्या दिवशी 'टेक युवर मदर टु द डॉक्टर' आलं, आणि हे काम मी मराठीत बरेच दिवस टाळत होतो. त्याचं असं झालं होतं की, आमच्या इमारतीच्या फाटकापाशी पाण्याचा व्हॉल्व्ह गळतो. तिथे कायमचं डबकं झालंय आणि ते ओलांडायला कुणीतरी तीन विटा टाकल्यात. त्यातली मधली वीट डुगडुगते. आईचा पाय तिच्यावरून घसरून मुरगळला आणि तेव्हापासून आई जिना उतरलीच नव्हती. शेजारीपाजारी मला टोमणे मारायचे, की पाणीखात्याचा माणूस इमारतीत असून ही तऱ्हा. मी सांगायचो, वर कळवलंय. ही विचारायची तेव्हा म्हणायचो, बघतो.

पण माझ्यासमोर बोलताना हिचा आवाज बारीक व्हायचा. मी प्रत्येक शब्दाला थांबवून सुधारायचो, मग ती चिडायची, मग मी चिडायचो, मग आई दोघांनाही 'टेक रेस्ट' म्हणायची. शेवटी मी सल्ला दिला की सराव अनोळखी माणसांबरोबर करावा, आणि फोनवरच करावा.

"अनोळखी माणसं माझं अडखळणं कशाला ऐकून घेतील?" तिने विचारलं.

"सरकारी ऑफिसात फोन कर," मी म्हणालो. "तिथले लोक कितीही वेळ ऐकून घेतात. त्यांना दुसरं काही करायचं नसतं."

(हे वाक्य माझं आहे. माझ्या घरात, माझ्या तोंडून, कुणी न विचारता निघालेलं.)

आता आमच्या टेबलाच्या कामाची पद्धत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी या टेबलावर आलो तेव्हा आधीचे कारकून निवृत्त होत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, टेबलाचा तुटका खण कसा उघडायचा ते दाखवलं आणि कानात सांगितलं, "तक्रार कुणाचीही घे, कितीही घे, गोड बोलून घे. पण पत्ता विचारू नकोस. पत्ता आला की माणूस पाठवावा लागतो." या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. लोक फोन करतात, मनातली वाफ काढतात, मी 'वी विल टेक नेसेसरी ॲक्शन' म्हणतो, त्यांना बरं वाटतं, मलाही बरं वाटतं. आपण पत्ता सांगितलेलाच नाही, हे फोन ठेवल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. आमचे फिटर कोपऱ्यात पत्ते खेळतात, आणि अख्ख्या ऑफिसात पत्ता हा शब्द तेवढ्यापुरताच निघतो.

तर एक दिवस टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून एक बाई इंग्रजीत म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. आय हॅव अ कंप्लेंट. प्लीज टेक इट डाउन."

काय तो आवाज. स्वच्छ, संथ, भारदस्त. प्रत्येक शब्दानंतर बाई किंचित थांबत होत्या, आणि त्या थांबण्यावरूनच मी ओळखलं की हे मोठ्या घरातलं प्रकरण आहे. घाईने बोलतात ती सामान्य माणसं. मी नकळत उभा राहिलो. त्यांच्या फाटकापाशी पाणी गळत होतं म्हणे. शहरातल्या निम्म्या फाटकांपाशी पाणी गळतं, त्यामुळे त्यात मला विशेष काही वाटलं नाही. मागे कुणीतरी एकसारखं खोकत होतं आणि नळ चालू असल्याचा आवाज येत होता. घरात बरीच नोकरमाणसं असावीत, असा मी अंदाज केला. मग माझं ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढलं. मॅडम, वी हॅव टेकन अ सीरियस व्ह्यू. मॅडम, प्लीज डोन्ट टेक टेन्शन. मॅडम, टेक केअर.

आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या बायकोचा आवाज ओळखता येऊ नये म्हणजे कमाल झाली. पण जरा माझी बाजूही ऐका. लग्न झाल्यापासून हिचं माझ्याशी बोललेलं एकही वाक्य 'अहो' शिवाय सुरू झालेलं नाही. माझा कान त्या 'अहो' ला लागलेला आहे. आणि ते 'अहो' सुद्धा मी नेहमी पेपरच्या पलीकडून ऐकलेलं. समोर पेपर नाही, कानात 'अहो' नाही, तर कुणाही नवऱ्याने कसं ओळखावं?

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाईंचं वर्णन केलं. इंग्रजी कसं असावं, आवाजात ठेहराव कसा असावा, सगळं सांगितलं. ही बटाटे सोलत होती. तिने विचारलं की दिसायला कशा असतील? मी म्हणालो, उंच असणार, चष्मा असणार, एखाद्या बड्या अधिकाऱ्याची मिसेस असणार. "तू त्यांचं बोलणं ऐकायला हवंस," मी म्हणालो, "म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल." आईला त्याच वेळी असा ठसका लागला की हिला पाणी घेऊन धावावं लागलं.

मग बाईंचा फोन रोज यायला लागला. मी सकाळी दाढी जरा निगुतीने करू लागलो. (फोनवर दाढी दिसत नाही, हे मला कळतं. पण आवाजात फरक पडतो.) बाईही खुलत चालल्या होत्या. शब्दांमधलं थांबणं कमी झालं. एकदा तर त्यांनी मला 'डोन्ट टेक मी फॉर ग्रँटेड' असं ऐकवलं आणि मी ते कौतुकाने शेजारच्या टेबलाला सांगितलं. घरी रोज सविस्तर अहवाल व्हायचा. हिने तर माझ्याकडून शिकणं बंदच केलं होतं. आपलं आपण शिकते म्हणाली, आणि मलाही त्या बाईंच्या मानाने हिला शिकवण्यात आता राम वाटत नव्हता.

एका संध्याकाळी हिने सहज विचारलं, "त्या बाईंच्या फाटकाचं काय झालं पुढे?"

मी रंगात होतो. चहा झाला होता. मी तिला टेबलाचं गुपित सांगून टाकलं. पत्ता विचारला नाही की तक्रार हवेत राहते, आणि हवेतली तक्रार कुठल्याही फिटरला दुरुस्त करता येत नाही.

बटाटे सोलता सोलता तिचा हात थांबला. "म्हणजे त्या कितीही चांगलं इंग्रजी बोलल्या तरी?"

"तरी," मी अभिमानाने म्हणालो.

तिने आईकडे बघितलं, आईच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं आणि पुन्हा बटाटा सोलायला घेतला. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला. मी गुड मॉर्निंग म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला, "टेक अ पेन."

मी पेन घेतलं.

"टेक अ पेपर. नाऊ टेक माय ॲड्रेस."

 इतक्या वर्षांत या टेबलावर असं कुणी बोललं नव्हतं. नंतर घेतो मॅडम, असं मी म्हणून पाहिलं. वी विल टेक इट इन ड्यू कोर्स, असंही म्हणून पाहिलं. बाई हटेनात. यू टेक कंप्लेंट, यू टेक नोट, यू टेक व्ह्यू, म्हणाल्या, टुडे यू टेक ॲड्रेस. आवाज किंचित कापत होता, पण मागे सरत नव्हता. मी एकेक अक्षर टिपू लागलो. ए, बी, सी असं सुटं सुटं सांगितलेलं मी सुटं सुटंच लिहिलं. कारकुनाला लिहिताना अर्थाकडे लक्ष देऊन चालत नाही, त्याने वेग कमी होतो. लिहिणं माझं काम, वाचणं पुढच्या टेबलाचं. शिवाय स्वतःचा पत्ता इंग्रजीत लिहायची वेळ माझ्यावर फारशी कधी आलेलीच नाही.

कागद पुढच्या टेबलावर गेला. त्या टेबलाने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि उठून थेट साहेबांकडे नेला. साहेब केबिनमधून बाहेर आले. सज्जन माणूस. कागद हातात धरून म्हणाले, "पत्ता आलाय?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की एका फिटरने हातातले पत्ते खाली ठेवले. तक्रार कुणाची म्हणून त्यांनी मला विचारलं. मी बाईंचं यथासांग वर्णन केलं, आणि बड्या अधिकाऱ्याची मिसेस असल्याचं तर जवळजवळ शपथेवर सांगितलं. साहेबांनी टाय घट्ट केला. म्हणाले, आपण स्वतः जाऊ, तुम्ही बरोबर चला, तुमची ओळख आहे.

जीपमध्ये मी भांग पाडला. गाडी वळणं घेत आमच्या भागाकडे निघाली तेव्हा मला आनंदच झाला, की मॅडम आपल्याच बाजूला राहतात. गाडी आमच्या गल्लीत वळली तेव्हा वाटलं, वा, म्हणजे जाता येता दिसतीलही. गाडी आमच्या फाटकासमोर थांबली. मी म्हणालो, साहेब, पुढे असेल, इथे तशी माणसं राहत नाहीत. ड्रायव्हरने कागद दाखवला. तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

पाय आपोआप चालत होते. एक वीट, मधली टाळायची, मग तिसरी. साहेबांनी मधल्या विटेवर पाय ठेवला आणि घोट्यापर्यंत डबक्यात गेले. बूट बाहेर काढत त्यांनी शांतपणे विचारलं, "ही वीट डुगडुगते हे तुम्हाला कसं माहीत?"

मी उत्तर द्यायच्या आत आम्ही जिना चढलो होतो आणि दार उघडलं होतं. दारात ही उभी होती, बाहेर जायची साडी नेसून. रिसीव्हर अजून तिच्यामागे टेबलावर उपडा पडला होता.

"गुड मॉर्निंग सर," ती म्हणाली. "प्लीज टेक अ सीट."

तोच आवाज. स्वच्छ, संथ, भारदस्त. मला घरातलीच खुर्ची सापडेना. आई खिडकीतून म्हणाली, "आलास? साहेबांना पण आणलंस? बरं झालं, त्यांना टॉवेल दे. बेडवर असेल, तुझा तिथेच असतो."

साहेबांनी खुर्चीत बसून पाय पुसता पुसता हिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. माझी नोकरी, पेन्शन आणि अब्रू, तिन्ही माझ्या डोळ्यांसमोरून एका रांगेत निघून गेली. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग यायला हवा होता, पण आली ती लाज. आईचा पाय स्टुलावर होता आणि मी इतके दिवस तो ओलांडून जात होतो.

मग ही मराठीत बोलली. "यांचा नियम आहे साहेब. घरचं काम म्हणून ऑफिसात शब्द टाकायचा नाही. मला म्हणाले, तुला तक्रार असेल तर चारचौघांसारखी फोनवरून कर. म्हणून केली."

साहेबांचा ओला पाय हवेतच थांबला. मग त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. असा माणूस आपल्या खात्यात आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, म्हणाले. (मलाही नव्हतं.) त्यांनी तिथल्या तिथे फिटर बोलावला. व्हॉल्व्हचं एक वायसर बदललं आणि इतकी वर्षं वाहणारं पाणी थांबलं. फिटरला परत जाऊन डाव पुरा करण्याइतका वेळसुद्धा उरला. जाताना साहेबांनी हुकूम काढला, की उद्यापासून प्रत्येक तक्रारीचा पत्ता घ्यायचाच, आणि तो याच प्रामाणिक माणसाने घ्यायचा.

जीप गेल्यावर मी हिच्यासमोर बसलो. ओळखलं नाहीत मला, तिने विचारलं. मी म्हणालो, तू 'अहो' म्हणाली नाहीस. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मला वाटलं राँग नंबर लागला. तुम्ही मला इतक्यांदा प्लीज म्हणालात."

"आणि भीती नाही वाटली?"

"वाटली थोडी. मग तुमचं इंग्रजी ऐकलं आणि म्हटलं, यावर इतकी वर्षं पगार मिळतो, तर आपल्यालाही जमेल." मग ती म्हणाली, "आज मात्र खरंच घाबरले होते. आज पत्ता घेतला नसता तर मी डॉक्टरांकडे गेलेच नसते. म्हटलं असतं, आपलं इंग्रजीसुद्धा हवेतच राहणार."

मला तिचा अभिमान वाटला.  तिला ते सांगावं असंही वाटलं, पण तेवढ्यात आईने टॉवेल मागितला.

डॉक्टरांच्या परीक्षेत ही एकदाही अडखळली नाही. आता ती रोज सकाळी माझ्याआधी घराबाहेर पडते आणि आई रोज जिना उतरून तिला फाटकापर्यंत सोडून येते. मी मात्र दिवसभर पत्ते लिहितो. घर क्रमांक, गल्ली, खूण, मागचं दार, पुढचं दार. फिटर माझ्याशी बोलत नाहीत. लिहून लिहून माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली, तेव्हा म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असावा. घरी हिला सांगितलं, मला एकदा डॉक्टरांची वेळ घेऊन दे. ती म्हणाली, बघते.

बरेच दिवस गेले तरी तिचं बघणं चालूच होतं. शेवटी मी ऑफिसातून दवाखान्यात फोन लावला. तोच आवाज आला. माझ्या डोळ्यांची सगळी कहाणी तिने मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतली. घरात असं कधी होत नाही. मग अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "वी आर टेकिंग अ सीरियस व्ह्यू, सर. वी विल टेक नेसेसरी ॲक्शन. टेक केअर."

मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. मला खूप बरं वाटलं. शेजारच्या टेबलाला सांगितलंसुद्धा, की बायको दवाखान्यात असली की कसं पटकन काम होतं. तो म्हणाला, मग कधीची वेळ मिळाली?

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिने माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं.